साखर किती घालायचीस, वहिनी?

वहिनी, तुझ्या तेराव्याला केक झाला. हे तुला मीच आधी सांगतो. आत्या अजून त्याच विषयावर बोलते आहे, आणि तिच्या तोंडून तुझ्यापर्यंत पोचलं तर भलतंच काहीतरी पोचेल.

केक स्मिताने केला, बिनअंड्याचा, आणि तो नेहमीसारखा झाला. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझा गोंधळ आहे तो वरच्या क्रीमचा. तू गेल्यापासून लोक मला धीर धरायला सांगतात, तू किती शांतपणे गेलीस ते सांगतात, आणि मी मान हलवतो, पण डोक्यात साखरेचं वजन चाललेलं असतं. हे बरोबर नाही, मला कळतं. दुःख करायच्या वेळी दुःख करावं. पण मला ते असंच जमतं आहे.

मी आयुष्यभर एकच काम केलं. वालीवच्या कारखान्यात माल तपासायचा. मर्यादेत आहे की नाही ते बघायचं आणि सही करायची. ‘साधारण’ हा शब्द आमच्याकडे चालत नाही. तू मात्र त्याच शब्दावर स्वयंपाकघर चालवलंस. मी खाली आलो की तू म्हणायचीस, “आले इन्स्पेक्टर. सायली, डबे झाक गं.” आपलं निर्मळचं घर एकच, खाली दादा, तू आणि सायली, वर स्मिता आणि मी, आणि जिना उतरला की पहिलं तुझंच दार. दादाचं लग्न झालं तेव्हा मी बारावीत होतो. तू आलीस आणि पहिल्याच आठवड्यात मी तुला सांगितलं होतं की भात दोन शिट्ट्यांऐवजी तीन शिट्ट्यांचा झालाय. दुसऱ्या दिवशी माझ्या पानात अर्धकच्चा भात वाढलास आणि म्हणालीस, “भाऊजी, दोनच झाल्यात. मोजून.” तिथून आपला वाद सुरू झाला. तो संपला असं मी अजून मानत नाही.

तुझं क्रीम तसं सोपं होतं. बाजारात मिळतं तसलं तेलकट नाही, आणि नुसतं लोणी-साखर फेटून करतात तसलं जडही नाही. वाटीभर दुधात तीन चमचे मैदा, गुठळी राहू न देता कालवायचा. मंद आचेवर ढवळत राहायचं, खळीसारखं दाट होईपर्यंत. मैद्याचा कच्चा वास गेला की उतरवायचं, वर साय धरू नये म्हणून ताटली अगदी टेकवून झाकायची, आणि पूर्ण गार होऊ द्यायचं. मग घरच्या सायीचं लोणी, गार पाण्यातून तीनदा धुतलेलं, त्यात मोजून घेतलेली आणि मग मिक्सरला फिरवलेली साखर. दोन्ही पांढरंशुभ्र आणि हलकं होईपर्यंत फेटायचं, आणि शेवटी ती गार खळ एकेक चमचा घालत जायची. थोडा व्हॅनिला. एवढंच. खळ गार झाली का ते तू पातेल्याचं बूड गालाला लावून बघायचीस. मी थर्मामीटर आणून दिला होता. तो तू दह्याच्या विरजणात घालून ठेवलास आणि विसरलीस.

त्या थर्मामीटरवरून आठवलं. सायलीच्या दहाव्या वाढदिवसाला मी कुठूनतरी एक छापील कृती आणली होती, वजनांसकट. त्यात लिहिलं होतं, लोणी रूम टेंपरेचरला असावं. मी अडून बसलो. रूम टेंपरेचर म्हणजे रूम टेंपरेचर, फ्रिजमधलं लोणी चालणार नाही. तू म्हणालीस, “अहो, ज्याने लिहिलं त्याची रूम बघा आणि आपली बघा.” वसईतला मे महिना, ओट्यावर चौतीस अंश, वरून लाइट गेलेली. तासाभरात लोण्याचं तूप व्हायचंच बाकी होतं. त्यात खळ घातली, तर पातेल्यात ताक फुटल्यासारखं पाणी वेगळं आणि चरबी वेगळी. मुलं अंगणात येऊन बसली होती. फ्रिज बंद. तू ते सगळं झाकणाच्या डब्यात भरलंस, डबा बादलीत ठेवलास, बादली वाडीतल्या विहिरीत सोडलीस आणि दोर माझ्या हातात दिलास. “धरा. पाण्याला टेकली पाहिजे, बुडाली नाही पाहिजे. तुमच्या मर्यादेत.” मी केळीच्या सावलीत दोर धरून उभा राहिलो. येणारा-जाणारा विचारत होता, काय चाललंय? तू आतून ओरडून सांगायचीस, “भाऊजी केक शेंदतायत.” डबा वर काढून फेटलं, तर क्रीम जमून आलं. निर्मळमध्ये कितीतरी वर्षं लोक मला त्यावरून चिडवत होते. त्यानंतर मी छापील कृती आणली नाही, पण तू चुकीची होतीस हे मात्र मी कधी सोडलं नाही. कशात चुकीची, ते आता नीट आठवत नाही.

मी आभार मानायला लागलो तर अवघड होईल, तुलाही आवडणार नाही. पण एक सांगतो. नोकरी लागली तेव्हा मला पहिली पाळी असायची. पहाटे निघताना जिन्याच्या शेवटच्या पायरीवर गरम डबा ठेवलेला असायचा. किती वर्षं. मी सगळ्या गोष्टी विचारतो, पण तू उठतेस किती वाजता, हे मी तुला कधी विचारलं नाही. आज विचारावंसं वाटतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. दादाच्या यंदाच्या वाढदिवसाचा केक. तुझ्या हातचा शेवटचा, हे तेव्हा कोणाला माहीत होतं? मी पहिला घास घेतला आणि म्हणालो, “वहिनी, साखर कमी आहे.” हे मी गेली काही वर्षं म्हणत होतो, तू कधी ऐकलं नाहीस. तू म्हणालीस, “नेहमीइतकीच आहे.” मी म्हणालो, “नाही. कमी आहे. आणि दर वर्षी कमी होते आहे.” तू हसलीस. “मग जीभ डॉक्टरला दाखवा. साखर तीच आहे.” मी खरोखरच वजनकाटा आणायला उठलो, तेव्हा स्मिता म्हणाली, “काय वजन करणार? विरघळलीय ती.” सगळे हसले. मीही बसलो. विरघळलेल्या साखरेचं वजन करता येत नाही, हे मला मान्य करावं लागलं. पण तू खोटं बोलत होतीस की मला भास होत होता, हा प्रश्न तिथेच राहिला. मी म्हटलं, पुढच्या केकला तू साखर घेशील तेव्हा शेजारी उभा राहीन.

त्यानंतर दवाखाना. तिथलं मी लिहीत नाही. फक्त एक गोष्ट. आत नेताना तिथल्या डॉक्टरने विचारलं, “यांना आधीपासून शुगर होती का?” दादाने माझ्याकडे बघितलं, मी सायलीकडे. ती नुकतीच ऐरोलीहून पोचली होती. कोणालाच माहीत नव्हतं. रक्तात साखर वाढलेली आली होती. मग तोच डॉक्टर म्हणाला की अशा अवस्थेत ती तशीही वाढते, त्यावरून आधीचं काही सांगता येत नाही. माझ्यासारख्या माणसाला असं उत्तर देऊ नये. आकडा दिला आणि आकड्याचा अर्थ काढून घेतला.

सुतकाचे पहिले दिवस घरात चूल नव्हती. भुईगावहून तुझी मर्सी रोज जेवण घेऊन यायची. बालवाडीत तुम्ही दोघी शिकवायच्या तेव्हापासूनची तुझी मैत्रीण, पण मी तिच्याशी आयुष्यात एवढं बोललो नव्हतो. ती डबा उघडून समोर ठेवायची आणि हलायची नाही. “खा रे शिरीष. नुसतं बघून पोट भरत नाही. ती असती तर तुझ्या डोक्यात पळी घातली असती.” एक दिवस बोलता बोलता केकचा विषय निघाला, तर मर्सीताई म्हणाली, “ते आयसिंग मीच तिला शिकवलं. याच ओट्यावर. सायलीच्या पहिल्या वाढदिवसाला. ते लोणी तीनदा धुवायचं तिचं स्वतःचं, बाकी सगळं माझं.”

मी विचारलं, “साखर किती?”

“वाटी. ही तुमचीच वाटी, हिच्याच मापाने. शीग लावून. आयसिंग करायचं तर हात आखडायचा नाही.”

स्मिता आतून आली. “शीग? शीग कुठली? मला वहिनींनी सुरीने सपाट करून दाखवलंय. वर राहिलेली साखर डब्यात परत टाकायला लावली होती.”

सायली कोपऱ्यात फोन घेऊन बसली होती. ती म्हणाली, “तुम्ही दोघी काय बोलताय? अर्धी वाटी. गेल्या दिवाळीत आईने मला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. मी म्हटलंसुद्धा, एवढीच? तर म्हणाली, पुरते.”

“अर्धी?” मर्सीताई म्हणाली. “अर्ध्या वाटीत काय होतं? ते पिठलं होईल.”

“झालं नाही पिठलं. चांगलं झालं.”

“मग तिने तुला वेगळं सांगितलं.”

“मला कशाला वेगळं सांगेल? मी मुलगी आहे तिची.”

“आणि मी कोण?” स्मिता म्हणाली. हसत म्हणाली, पण लागलं होतं तिला. तुझ्या धाकट्या जावेला तू माहेरच्या बहिणीसारखं वागवलंस, ती तुझ्याच हाताखाली स्वयंपाक शिकली, आणि आता तिला वाटायला लागलं की तू तिला खरं प्रमाण दिलं नव्हतंस. आम्ही ती वाटी काढली. आईच्या लग्नातली, बुडावर मामांचं नाव कोरलेली. वाटी तीच, बदललेली नाही, हे मी आधी तपासलं. मग तिन्ही मापं काट्यावर घातली. शीग लावून एकशे नव्वद ग्रॅम. सपाट एकशे साठ. अर्धी ऐंशी.

त्या दिवसापासून मला नीट काही सुचत नाही, वहिनी.

आधी मला राग आला. वाटलं, तू तिघींना तीन गोष्टी सांगितल्यास. काही बायका तसं करतात, एक वस्तू मुद्दाम हातची राखतात म्हणजे दुसरीच्या हातचं तसं होत नाही. पण तू तसली नव्हतीस. तू केळीच्या बुडाशी फुटणारे मुनवेसुद्धा मागेल त्याला लावायला दिलेस. मग दुसऱ्या दिवशी जिना उतरताना अचानक लक्षात आलं की मी तिन्ही प्रमाणं शेजारी-शेजारी मांडत होतो. ती एकाखाली एक मांडायला हवी होती. मर्सीताईचं सगळ्यात जुनं. स्मिताचं मधलं, आमचा ओंकार शाळेत जायला लागला तेव्हाचं. सायलीचं गेल्या दिवाळीचं. तू कोणाशीच खोटं बोलली नाहीस. ज्या वेळी जिने विचारलं, त्या वेळी जी साखर तू घालत होतीस तीच तिला सांगितलीस. साखर खरंच कमी होत गेली होती.

म्हणजे माझं बरोबर होतं. तू खोटं बोललीस ती एकट्या माझ्याशी.

का?

मला शुगर आहे हे तुला माहीत होतं का? तसा रिपोर्ट आला तेव्हा मी खाली कोणाला सांगायचं नाही असं स्मिताला बजावलं होतं. स्मिता शपथ घेऊन सांगते की तिने सांगितलं नाही, आणि तिच्यावर माझा विश्वास आहे. पण त्याच सुमाराला तू वर शिरा पाठवायचं बंद केलंस आणि पपई पाठवायला लागलीस. “वाडीत फार पिकल्यात, संपवा,” म्हणायचीस. वाडीत पपई तेव्हा खरंच फार पिकत होत्या. मग हा पुरावा धरायचा की नाही? शिवाय शीग जाऊन सपाट वाटी झाली ती माझ्या रिपोर्टच्या आधी. मी तारखा परत परत लावून बघितल्या. निदान पहिली कपात तरी माझ्यासाठी नसणार. की तुला माझ्याआधी दिसलं होतं? मी तेव्हा सारखं पाणी प्यायचो, हे स्मिता आता सांगते. तू माठ भरायचीस, तुला कळलं असेल.

आणि ती कपात तुझ्यासाठीच असेल तर? तुला स्वतःला काही होत असेल, तू कोणाला न सांगता पथ्य करत असशील, आणि घरात एकट्या माझ्या जिभेला ते कळत असेल, तर मी दर वर्षी तुझ्यासमोर बसून तुला काय सांगत होतो? साखर कमी आहे, साखर कमी आहे. आणि एकदाही पुढचा प्रश्न विचारला नाही. माल मर्यादेबाहेर गेला की आम्ही कारण शोधतो. तो आमचा पहिला नियम आहे. तुझ्या बाबतीत मी नुसती तक्रार नोंदवत राहिलो.

कदाचित यातलं काहीच नसेल. वय वाढलं की गोड नकोसं होतं, तुला झालं असेल. तुझ्या हाताला ती सवय लागली असेल आणि तुला खरंच वाटत असेल की साखर तीच आहे. मी रोज एक उत्तर ठरवतो आणि अंघोळ होईपर्यंत ते बदलतं.

तेराव्याला काय गोड करायचं यावर वाद झाला. नंदाखालहून आत्या आली होती आणि तिने पुरण ठरवून टाकलं होतं.

सायली म्हणाली, “गेलेल्याला आवडायचं ते करतात ना? मग केक.”

“तेराव्याला केक?” आत्याने डोक्याला हात लावला. “मेणबत्त्याही लावा आणि फुंका! गुरुजी काय म्हणतील? अंडं असतं त्यात.”

“अंडं नाही घालणार.”

“आणि वरचं ते पांढरं?”

“लोणी, दूध, साखर, मैदा. यातलं तुझ्या देवाला काय चालत नाही, सांग.”

आत्याने थोडा विचार केला. “मैदा उपासाला चालत नाही.”

“आज उपास आहे का?”

“नाही, पण मी आपलं सांगितलं.”

शेवटी दोन्ही करायचं ठरलं. पुरण पानात, केक नंतर. सायली पदर खोचून ओट्याशी उभी राहिली. तिने लोणी धुतलं, खळ केली, पातेल्याचं बूड गालाला लावलं. तुला बघून बघून उचललेलं. मग वाटी हातात घेऊन माझ्याकडे वळली. “काका, साखर किती घालू?”

सगळे माझ्याकडे बघत होते. घरात आकडा हवा असला की मला विचारतात. आणि वहिनी, मला तो देता येईना. अर्धी सांगितली तर मी ठरवल्यासारखं होतं की तुझी शेवटची साखर हीच खरी, मग ती पथ्याची असो की माझ्या काळजीची. शीग लावून सांगितली तर इतकी वर्षं तू जे करत होतीस ते पुसल्यासारखं. मी म्हणालो, “तीन भांडी घे.”

लोण्याचे काट्यावर तीन सारखे भाग केले. प्रत्येकात एकेका प्रमाणाचा तिसरा हिस्सा साखर. त्रेसष्ट ग्रॅम, त्रेपन्न ग्रॅम, सत्तावीस ग्रॅम. खाली परातीत बर्फाचं पाणी, कारण ओटा तापला होता. तिन्ही फेटली, खळ समान वाटून घातली. माझं म्हणणं एवढंच होतं की या तिन्ही क्रीमबरोबर ज्याने संसार केला, तो माणूस बाहेरच्या खोलीत बसला आहे. त्याला विचारू.

तू गेल्यापासून दादाला कोणी काही विचारत नाही. त्याच्यासमोर सगळे हळू बोलतात. मी तीन चमचे घेऊन त्याच्यापुढे बसलो. त्याने पहिला चाखला, दुसरा चाखला, तिसरा चाखला. परत पहिला चाखला.

“काय सांगू?” तो म्हणाला.

“वहिनीचं कुठलं?”

“मला तिन्ही सारखीच लागतात रे.”

“दादा, पहिल्यात तिसऱ्याच्या दुपटीहून जास्त साखर आहे.”

“असेल. मला तिच्या हातचं सगळं सारखंच लागायचं.” मग म्हणाला, “ती कमी करत होती का? मला कधी बोलली नाही.” आणि त्याने तिन्ही चमचे नीट पुसून माझ्या हातात दिले, जसे तुला द्यायचा.

मी आत आलो तेव्हा पानं मांडून झाली होती. सायली म्हणाली, “काय म्हणाले बाबा?” मी सांगितलं. ती हसेल असं वाटलं. ती हसली नाही, तिने पाठ फिरवून नळ सोडला आणि जरा वेळ हातच धूत राहिली. मी परत भांड्यांकडे बघायला लागलो. ती म्हणाली, “काका, लोक बसलेत. बंद कर तुझी प्रयोगशाळा.” आणि मी नको म्हणेपर्यंत तिने तिन्ही भांडी एका पातेल्यात रिकामी केली, एकदा ढवळलं, आणि केकवर पसरायला घेतलं. “झालं. आता ठरवायला नको.”

मी तिला सांगणार होतो की ही एकशे त्रेचाळीस ग्रॅम झाली. या घरात कुठल्याही वर्षी तू एवढी साखर घातल्याचं कोणी सांगितलेलं नाही. मर्सीताईच्या मापाने नाही, स्मिताच्या नाही, तिच्या स्वतःच्याही नाही. पण ती उलथन्याने कडा सारख्या करत होती आणि तिचा हात तुझ्यासारखा डावीकडून उजवीकडे जात होता. मी वजनकाटा उचलून ठेवला.

केक वाढला. मर्सीताईने एक घास घेतला आणि डोळे पुसले. “अगदी तिच्या हातचं.” स्मिता म्हणाली, “हो, असंच असायचं.” शेजारचे, बालवाडीतल्या बायका, सगळ्यांनी तेच म्हटलं. आत्याने पुरणपोळी अर्धी ठेवली आणि केक दुसऱ्यांदा मागून घेतला, वर म्हणाली की लहान तुकडा दे, तोंडापुरता. दादाने त्याचा सगळा संपवला. मी एकेकाचं तोंड बघत होतो. यांच्यापैकी कोणाला काय आठवत होतं?

मग मी खाल्ला. एकच घास.

वहिनी, मला तो गोड लागला. नको इतका. घशाशी आल्यासारखा. पूर्वी शीग लावून साखर घातलेल्या केकचे चार-चार तुकडे खाऊन वर रिकामं पातेलं चाटणारा मी, मला सपाट वाटीहून कमी साखर सोसेना. म्हणजे माझी जीभ अर्ध्या वाटीपर्यंत येऊन बसली होती. वर्षावर्षाला थोडी थोडी, मी तुझ्याशी भांडत असताना. तू ते माझ्यासाठी केलंस असं यावरून सिद्ध होत नाही. एवढंच सिद्ध होतं की ते माझ्यावर झालं. तुझं कारण तुझ्याबरोबर गेलं. मी आणखी किती शोधायचं आणि कुठे थांबायचं, ते मला कळत नाही.

मी बशी खाली ठेवली. आत्या म्हणाली, “काय रे शिऱ्या, आवडलं नाही?”

मी म्हणालो, “साखर जास्त झाली आहे.”

सायलीने मान हलवली. स्मिता पानं उचलायला लागली. दादा म्हणाला, “असेल.” यावर कोणी माझ्याशी वाद घातला नाही.